आप्पांच्या घोरण्याचं क्वालिटी कंट्रोल

फरीदाबादच्या त्या सोसायटीत कुणी दिघ्यांचं घर विचारलं, तर गेटवरचा गार्ड फ्लॅटचा नंबर सांगत नसे. दुपारची वेळ असली की तो नुसता हात दाखवून म्हणायचा, "आवाज़ के पीछे-पीछे चले जाइए," आणि कुरिअरवाले तळमजल्यावरच्या बरोबर दाराशी येऊन उभे राहायचे.

आवाज मारुतीराव दिघ्यांच्या घोरण्याचा. मारुतीराव, म्हणजे घरातले आप्पा, एक्याण्णव वर्षांचे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा भवनात उभा जन्म फायली सरकवून ते निवृत्त झाले, त्यालाही आता एक पिढी लोटली. माणूस अंगाने इतका वाळलेला, की स्वेटरच्या आत कुणी आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागे. पण झोप लागली की त्याच स्वेटरातून असा आवाज निघे, की आधी वाटावं शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी कपाट सरकवतंय, आणि थोड्या वेळाने वाटावं ते कपाट आता जिन्यावरून खाली न्यायला घेतलंय. आप्पांना स्वतःला मात्र हे मान्य नव्हतं. आपण घोरतो हा घरच्यांनी रचलेला कट आहे आणि हल्ली त्यात सोसायटीही सामील झाली आहे, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा मुलगा यतीन मानेसरला, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होता. जी गोष्ट मोजता येत नाही तिच्यावर त्याचा विश्वास नसे. घरातल्या पोळ्यांची जाडी एकसारखी नाही, हे त्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोला दाखवून दिलं होतं. बायकोचं नाव कादंबरी. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून त्या घरात पोळ्या यतीन करतो.

तर जानेवारीतला रविवार होता. बऱ्याच दिवसांनी धुकं फाटून ऊन पडलं होतं, आणि असं ऊन पडलं की त्या बाजूला कुणी घरात थांबत नाही. सोसायटीच्या पार्कात खुर्च्या पडल्या, मटार सोलायला निघाले, शेंगांच्या टरफलांचे ढीग झाले. आप्पा आरामखुर्चीत रजई पांघरून झोपले होते आणि शेजारी आई, भानुमतीबाई, वय सत्त्याऐंशी, जपाची माळ ओढत बसली होती. आप्पांचं कपाट निम्मा जिना उतरलं आणि एकदम थांबलं.

असा आवाज थांबला की मग लक्षात येतं, तो केवढा होता. मटार सोलणारे हात थबकले. सोसायटीचे सेक्रेटरी मल्होत्राजी पुढे झाले आणि त्यांनी आप्पांच्या नाकाशी बोट धरलं. पण हातात लोकरी मोजा असल्यामुळे श्वास लागतोय की नाही, ते त्यांना कळेना. कळत नाही म्हणजे नाहीच, असं धरून त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला. आई म्हणाली, "थांबा, येईल आत्ता." पण ती मराठीत म्हणाली आणि वर अगदी शांतपणे म्हणाली, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

यतीन नेमका भाजी घेऊन गेटातून आत येत होता. आप्पांच्या खुर्चीभोवती गर्दी, आणि बायकांनी डोक्यावर ओढण्या घेतलेल्या. त्याच्या हातातली पिशवी सुटली, फ्लॉवरचा गड्डा घरंगळत झोपाळ्याखाली गेला, आणि हा सत्तावन्न वर्षांचा क्वालिटीचा प्रमुख पार्कातून पळत सुटला. आपले वडील कधीतरी जाणार हे त्याला माहीत होतं, पण ते आज, भाजी आणायला गेलो असताना, असं काही त्याने धरलं नव्हतं.

तेवढ्यात जोरात घोर्र झालं आणि आप्पांनी डोळे उघडले. समोर सगळी सोसायटी माना खाली घालून उभी. आप्पा जुन्या वळणाचे. त्यांनी लगबगीने कानटोपी काढली, हात जोडले आणि हलक्या आवाजात मल्होत्राजींना विचारलं, "कौन गए?"

पुढे अँब्युलन्सही आली. आलेली अँब्युलन्स रिकामी परत जायची तर पेशंटने नकाराची सही द्यावी लागते म्हणे, आणि आप्पा म्हणाले की मी पेशंटच नाही तर नकार कशाचा देऊ. ड्रायव्हर अडून बसला. शेवटी अँब्युलन्समधल्या माणसाने मल्होत्राजींचंच ब्लडप्रेशर तपासलं, ते भलतंच चढलेलं निघालं, आणि मल्होत्राजींनाच घेऊन गाडी गेली. संध्याकाळी ते परत आले, पण त्यानंतर दिघे कुटुंबाशी बोलताना त्यांच्या आवाजात उपकार केल्याचा सूर असे.

यतीनने मात्र त्याच दिवशी ठरवलं की हे परत होता कामा नये. श्वास थांबतो म्हणजे दोष आहे, दोष आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण काढून टाकल्याशिवाय आपण स्वस्थ बसायचं नाही.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकीने नाकात गाईचं तूप सांगितलं, दुसरीने बेंबीत मोहरीचं तेल. मल्होत्राजींच्या फुफाजींना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, म्हणे मोहरीच्या उशीवर झोपवल्यावर त्यांचं घोरणं कायमचं थांबलं. फुफाजी आता कसे आहेत, असं कादंबरीने विचारलं, तर मल्होत्राजींनी विषय बदलला. तरी ती उशी घरी येऊन पडलीच. आप्पांनी ती एकदा डोक्याखाली घेऊन पाहिली आणि फोडणीला टाका म्हणून परत दिली.

यतीनने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. आप्पांचं दुपारचं घोरणं त्याने फोनवर रेकॉर्ड केलं आणि कारखान्यात मोकळ्या वेळी ऐकायला घेतलं. फोन मीटिंगरूमच्या स्पीकरला जोडलेला आहे, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. मेंटेनन्सचे बघेलसाहेब चहाचा कप हातात घेऊन आत आले, मान तिरकी करून नीट ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग गया है सर. बंद करके खोलना पड़ेगा."

हे माझे वडील आहेत, असं म्हणायला यतीनची जीभ धजेना. तो एवढंच म्हणाला, "पुरानी मशीन है, बंद नहीं कर सकते." दिवसभर त्याला ते लागून राहिलं.

मग डॉक्टर देविका सूद. बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की इतक्या वयात घशाचे स्नायू सैलावतात, झोपेत वाट मिटते, श्वास अडतो, मग शरीर स्वतःच धक्का देऊन ती उघडतं. पुष्कळ वृद्धांचं असं होतं. घाबरून जाऊ नका, पण किती वेळा आणि किती वेळ हे एकदा बघू. बघू म्हणताच यतीनला बरं वाटलं.

तपासणीची परवानगी पेन्शनरांच्या दवाखान्यातून घ्यायची होती. तिथल्या खिडकीवरच्या कारकुनाने पेशंट समक्ष हवा म्हणून आप्पांना बोलावलं आणि विचारलं, तकलीफ़ कब से है? आप्पा म्हणाले, मला काही तकलीफ़ नाही, ती ह्या लोकांना आहे. मग फाईल ह्या लोकांच्या नावाची पाहिजे, असं म्हणून कारकुनाने कागद परत केला. दुसऱ्या खेपेला शिक्का उलटा पडला म्हणून परत केला. यतीनचा संताप होत होता, पण आप्पा खूश झाले. उलटा शिक्का पकडणारी माणसं सरकारात अजून आहेत, हे पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी कारकुनाला त्याची भरती कुठल्या बॅचची विचारलं, आपली सांगितली, आणि समाधानाने बाकावर बसल्या बसल्या झोपी गेले. थोड्या वेळात कपाट जिन्याला लागलं. रांगेतलं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. कारकून खिडकीबाहेर डोकावला, त्याने आप्पांकडे पाहिलं, आणि शिक्का सुलटा मारून कागद यतीनच्या हातात दिला.

तपासणी घरीच व्हायची होती. एका संध्याकाळी भरघोस मिशांचे एक गृहस्थ पेटी घेऊन आले, आप्पांच्या छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी लावून गेले आणि सकाळी येऊन सगळं सोडवून घेऊन गेले. जाताना आईने त्यांना पोहे खायला घातले. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. त्या चकित झाल्या होत्या. साँस एकदम साफ, इतनी साफ तो मेरी भी नहीं होगी. झोप तेवढी तुटक दिसते, बाकी घोरण्याचं नावनिशाण नाही.

यतीनला आनंदाने काय करू न काय नको असं झालं. त्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रिपोर्ट टाकला आणि खाली लिहिलं, की काही लोकांच्या माहितीसाठी. काही लोक म्हणजे मल्होत्राजी, हे सर्वांना कळलं. मल्होत्राजींनी अभिनंदन करून हा त्यांच्या उशीचा गुण असल्याचं कळवलं. यतीनने पेढे आणले. देवापुढे ठेवून तो आईला द्यायला गेला, तर तिने हात मागे घेतला.

"तो रिपोर्ट यांचा नाहीये," आई म्हणाली. "माझा आहे."

झालं होतं असं, की आप्पांना पट्टा टोचायला लागला म्हणून त्यांनी सगळं काढून उशाशी ठेवलं आणि झोपून गेले. आईला ते बरं वाटेना.

"तो बिचारा एवढ्या लांबून येऊन बांधून गेला," ती म्हणाली. "सकाळी त्याच्या हातात रिकामी पेटी द्यायची का? आपण कुणाचं भांडं तरी कधी रिकामं परत दिलंय? शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालून देतो. मग मी घेतलं बांधून, आणि उजाडायच्या आत परत यांना लावून टाकलं."

कादंबरी हसू दाबत आत निघून गेली. यतीनला ग्रुपवर खुलासा टाकावा लागला. तो त्याने इतका सरकारी भाषेत लिहिला की कुणाला काही कळलं नाही, आणि त्यातल्या त्यात तेच बरं झालं. पेढे बाकी संपले.

दुसऱ्यांदा तपासणी झाली तेव्हा यतीन स्वतः आप्पांच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला. ह्या वेळचा आकडा चांगला नव्हता. डॉक्टरांनी वापरून बघायला एक यंत्र दिलं. नाकावर मास्क बसवायचा, यंत्र हलका वारा सोडत राहतं आणि घशाची वाट मिटू देत नाही. आप्पा हे अंगाला लावून घेणार नाहीत अशी सर्वांची खात्री होती. पण आप्पांनी मास्क चढवला, छान झोपले आणि उठून विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा. कुठे घोरतोय?"

घर शांत झालं. गार्ड येऊन चौकशी करून गेला, अंकलजी गाव गए हैं क्या? एक कुरिअरवाला सी टॉवरमधून भटकून आला. यतीन खूश होता. दोष सापडला होता, कारण सापडलं होतं, उपाय झाला होता. कारखान्यात अशा वेळी फाईल बंद करतात.

फक्त आईचं काहीतरी बिनसलं होतं. ती जेवेना, डोळे लाल दिसू लागले. आप्पाही चिडचिडे झाले, कारण यंत्राने झोप चांगली लागावी आणि आईने दर थोड्या वेळाने हलवून विचारावं, "अहो, झोपलात ना?" झोपलो होतो, असं आप्पा ओरडत, आणि मास्कमुळे तेही नीट ऐकू येत नसे.

एका शनिवारी यतीन घरून काम करत होता. दुपारी पाणी प्यायला उठला तर खोलीत आप्पा मास्क लावून निवांत झोपलेले, आणि आई पलंगाच्या कडेला माळ हातात धरून बसलेली. माळ हलत नव्हती.

"आई, जप थांबवलास का?"

"चालतच नाही रे," आई म्हणाली. यतीन तिच्याजवळ बसला.

मग तिने सांगितलं. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा यांच्या घोरण्याने तिला झोप लागत नसे. परका मुलूख, भाषा येत नाही, आणि हा आवाज. ती रडायची. मग सासूबाईंनी पत्रातून कळवलं की जागीच राहतेस तर देवाचं नाव घे. तेव्हापासून एक घोरणं, एक मणी. श्वास आत जाताना श्रीराम, बाहेर येताना जयराम. इतकी वर्षं जप चालला तो आप्पांच्या नाकावर, आणि हे आप्पांना आजतागायत माहीत नव्हतं.

"आणि मध्येच थांबतात तेव्हा?"

"तेव्हा मी मणी सोडत नाही. धरून ठेवते. आले की मग पुढचा."

"तुला माहीत होतं? आम्हाला सांगायचं ना."

"काय सांगायचं? आजवर आलेत ना दर वेळी." तिने आप्पांच्या मास्ककडे पाहिलं. "तुमचं सरकार नोव्हेंबरात एकदा हयातीचा दाखला मागतं, यतीन. मला सारखा लागतो. ह्या यंत्राने तो बंद केला."

पार्कात जी भीती यतीनला क्षणभर वाटली होती, ती ही बाई रोज दुपारी दोन बोटांत धरून बसत आली होती, आणि उठून सगळ्यांना चहा करत आली होती. त्याने आईचा हात हातात घेतला. आईने तो थोडा वेळ राहू दिला आणि मग पुन्हा आप्पांना हलवलं.

सोमवारी त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं, माळेसकट. देविकाबाई हसल्या आणि म्हणाल्या की यंत्र रात्री नक्की लावा. दुपारी आरामखुर्चीत, मान उंच ठेवून, तसंच झोपू दे. जवळ कुणीतरी असतंच. एक्याण्णवाव्या वर्षी एवढी सवलत देता येते. आणि जाताना यतीनला म्हणाल्या, "और माताजी की नींद भी पूरी करवाइए. वो रिपोर्ट मुझे याद है."

रात्रीची व्यवस्था आईने स्वतःच शोधून काढली. मास्कच्या ज्या भोकांतून वारा बाहेर पडतो, तिथे तळहात धरून ती झोपते. गार लागतं म्हणजे आहेत. दुपारी पुन्हा कपाट जिन्यावरून उतरू लागलं, कुरिअरवाले बरोबर दाराशी येऊ लागले. मल्होत्राजींनी हळहळत विचारलं, उशी बदलली का? यतीन हो म्हणाला. काही वाद जिंकण्यात अर्थ नसतो, एवढं तो आता शिकला होता.

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी तो कानाला मीटिंग लावून आईच्या खोलीत बसला होता. खिडकीतून ऊन आलं होतं. आप्पा खुर्चीत घोरत होते आणि आईची मान सारखी पेंगेने खाली जात होती. तिने एकदा डोळे उघडून यतीनकडे पाहिलं आणि माळ त्याच्यापुढे केली.

"जरा धर. मी पाठ टेकते."

यतीनने माळ घेतली. त्याच्या बोटांना ती सवय नव्हती. आई पलंगावर आडवी झाली, त्याला म्हणाली, घाई करू नकोस, ते येतील तसा चल, आणि लगेच झोपी गेली. काही वेळाने तिच्याही नाकातून एक बारीकशी शिटी वाजायला लागली. म्हणजे आईही घोरते. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, रिपोर्टातही आलं नव्हतं, कारण अशी गाढ ती कधी झोपलीच नव्हती.

कानात बघेलसाहेब रिजेक्ट झालेल्या मालाबद्दल सांगत होते. यतीन एकेक मणी ओढत होता. कपाट निम्म्या जिन्यावर आलं आणि थांबलं.

त्याने मणी धरून ठेवला. स्वेटर हलत नव्हता. पाठीमागे आईची शिटी तेवढी चालू होती.

"तो फिर माल वापस भेजें, सर?" कानात कुणी विचारलं. "यतीनजी? आवाज़ आ रही है? यतीनजी, आप हैं ना?"

यतीनने मणी इतका घट्ट दाबला होता, की बोटाचं टोक पांढरं पडलं. मोजायचं काही त्याला सुचलं नाही. त्याने फक्त धरून ठेवला.

घोर्र झालं. स्वेटर वर आला, खाली गेला, आणि कपाट पुढची पायरी उतरलं. यतीनने मणी सोडला आणि पुढचा घेतला.

"जी, हैं," तो हळूच म्हणाला, कुणाची झोप मोडू नये म्हणून. "सब हैं. बोलिए."